दगडाच्या कडेवरची अक्षरे



लिपी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सपाट कागद येतो. आयर्लंडच्या ओगम लिपीला मात्र दगडाची कड हवी असे. उभ्या दगडाची कड हीच तिची रेघ. कडेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा कोरल्या की पाच अक्षरे झाली. डावीकडे कोरल्या की दुसरी पाच, कड ओलांडून तिरप्या कोरल्या की तिसरी पाच, आणि कडेवरच खाचा पाडल्या की पाच स्वर. अशी वीस अक्षरे.

चौथ्या ते सातव्या शतकांतले असे सुमारे ४०० दगड आयर्लंडात आणि ब्रिटनच्या पश्चिम भागात आढळतात. त्यांवर काव्य नाही की राजाज्ञा नाही. बहुधा 'अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा' एवढेच. कुणी त्यांना स्मारके म्हणतो, कुणी जमिनीच्या हक्काच्या खुणा. दोन्हीही असतील, आपल्याकडच्या बांधावरच्या दगडाला हे नवे नाही.

लेख खालून वर वाचायचा, पुष्कळदा माथ्यावरून वळून दुसऱ्या कडेने उतरायचे. पुढच्या पिढ्यांनी हेच दगड भुयारांच्या छतांना आडवे घातले. केरी परगण्यात डनलो येथे असेच सापडले. आता पायथा कोणता? दगड उलटा धरला तर उजवीकडच्या रेघा डावीकडे जातात, 'ब'चा 'ह' होतो, आणि बिचाऱ्या मृताचे नावच बदलते!

१९९९ साली या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. संगणकाला अक्षराचे चित्र नको, क्रमांक हवा. षोडशमान पद्धतीच्या १६८० या क्रमांकापासून २९ चिन्हे मांडली गेली: मूळची वीस, पुढे हस्तलिखितांतून आलेली सहा, लेखाचा आरंभ व शेवट दाखवणाऱ्या दोन खुणा, आणि एक मोकळी जागा. गंमत या मोकळ्या जागेत आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या बॅलिमोटच्या ग्रंथासारख्या हस्तलिखितांत दगडाच्या कडेची जागा शाईच्या रेघेने घेतली होती, आणि शब्द संपला तरी रेघ चालूच राही. म्हणून ही मोकळी जागा संगणकाच्या हिशेबी रिकामी, पण डोळ्यांना तेथे रेघ दिसते. रिकाम्या जागेत शाई कशी, असा प्रश्न कुणाला पडेल. मोडी वाचलेल्या माणसाला पडणार नाही. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढी, मग तिला अक्षरे लटकावी. दोन शब्दांमध्ये ती रेघ तुटत नसे. मला तर वाटते, या एका चिन्हात दगडाची आठवण सर्वांत इमानाने राखली आहे.

बाकी पडद्यावर ओगम डावीकडून उजवीकडे आडवी झोपते. नाव शोधायला ते पुरे. पण कोरणाऱ्याचा हात माथ्यावर कसा वळला, कुठे जागा अपुरी पडून रेघा दाटल्या, हे क्रमांकांत येत नाही. त्यासाठी डब्लिनच्या उच्च अध्ययन संस्थेने दगडांच्या त्रिमित प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले. त्या पडद्यावर फिरवून कुठूनही पाहता येतात, पायथ्याकडूनसुद्धा.