मुलाखतीचं पत्र कधी येणार?

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बायका बोलतोय. आज आमच्याच गटातल्या एकीची गोष्ट सांगणार आहोत. तिला विचारून, तिच्या समोर बसून हे लिहून काढलंय. नाव मात्र घेणार नाही. तुमच्या गावातही अशी एखादी सून असेल, तिचंच नाव मनात धरा.

ही मुलगी 2022 च्या मे महिन्यात लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा अमेरिकेत. लहानपणीच आईबापाबरोबर तिकडे गेलेला, तिथलाच नागरिक झालेला. पुढे म्हातारा-म्हातारी गावी परत आली, पोरगा तिकडे राहिला. लग्नाला एक महिन्याची सुट्टी काढून आला आणि परत गेला. जाताना म्हणाला, "कागद झाले की तुला बोलावून घेतो." आम्हाला वाटलं, दिवाळीपर्यंत जाईल. तिलाही तसंच वाटलं. तिनं तर दोन बॅगा आणून भरूनही ठेवल्या होत्या.

त्या बॅगा आज माळ्यावर आहेत.

हे असं का होतं, ते आम्हाला आधी काहीच कळत नव्हतं. गटातल्या एकीची मुलगी कॉलेजला आहे. तिनं मोबाईलवर सरकारी माहिती वाचून दाखवली आणि आम्ही ती वहीत उतरवून घेतली. तीच आता सांगतो.

बायकोला कायमचं न्यायचं असेल तर पहिला अर्ज नवऱ्याने अमेरिकेत करायचा असतो. त्याला आय-130 म्हणतात. हिच्या नवऱ्याने तो 2022 च्या ऑगस्टमध्ये भरला, तेव्हा फी 535 डॉलर होती. अर्ज भरल्यावर पावती येते. तिच्यावर तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असतो. हा अर्ज मंजूर व्हायलाच सव्वा वर्ष गेलं.

मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. मग फाईल नॅशनल व्हिसा सेंटर नावाच्या कचेरीकडे जाते. तिथून दुसरा नंबर मिळतो. मुंबईला मुलाखत असणाऱ्यांच्या नंबरापुढे बीएमबी अशी अक्षरं असतात. शहराचं नाव कधीच बदललं, पण त्यांच्या खात्यात अजून बॉम्बेच आहे. तिथे पुन्हा दोन फिया, एक 325 डॉलरची आणि एक 120 डॉलरची. बायकोने डीएस-260 नावाचा फॉर्म भरायचा. नवऱ्याने आपली कमाई दाखवून लिहून द्यायचं, की हिला मी सांभाळीन, ही सरकारवर भार होणार नाही. मग जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, पासपोर्ट, सगळं स्कॅन करून पाठवायचं. सगळं बरोबर आहे असं त्यांनी कळवलं, की मुलाखतीच्या रांगेत नंबर लागतो.

ही रांगच लांब आहे. भारतातून कायमचं राहायला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची मुलाखत मुंबईतच होते, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत. पंजाबची सून असो, गुजरातची असो, केरळची असो, सगळ्या तिथेच. त्यात 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे जगभरातल्या त्यांच्या वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं, आणि तुंबलेल्या फायलींचा ढीग झाला. वकिलात दर महिन्याला किती जणांना बोलावता येईल ते कळवते, आणि ज्यांचे कागद आधी पूर्ण झाले त्यांना आधी तारीख मिळते.

अजून एक लक्षात ठेवा. नवरा नागरिक असेल तर त्याच्या बायकोसाठी वर्षाला इतकेच व्हिसा असं बंधन नसतं. थांबायचं ते कामाच्या गर्दीमुळे. पण नवरा नुसता ग्रीन कार्डवाला असेल, तर वर्षाचे व्हिसा मोजके असतात. आपली पाळी आली का, ते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहावं लागतं. म्हणून लग्न ठरवतानाच विचारा, "पोरगा नागरिक आहे, ग्रीन कार्डवर आहे, की कामाच्या व्हिसावर?" हुंडा, मानपान यांची चौकशी आपण दहा वेळा करतो. हा प्रश्न मात्र एकदाही विचारत नाही.

आता आमच्या मुलीचे कागद कुठे अडले ते ऐका. तुमच्या घरातही हेच असेल.

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने तिचं नवीन नाव लिहिलं होतं. आपली रीतच ती. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर नवीन नाव आणि नवऱ्याचं नाव. जन्माच्या नोंदीत तर नावच नाही, नुसतं "स्त्री" आणि आईबापाची नावं. माणूस एकच आणि कागदावर तीन बायका! माहेरच्या ग्रामपंचायतीत नोंदीत नाव घालून घ्यायला तिला चार हेलपाटे पडले. ही एकच व्यक्ती असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. लग्नाची नोंदही राहिलीच होती. नुसती पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. ग्रामसेवकाकडे रीतसर नोंद करून दाखला घेतला. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून घेतला. जे मराठीत होतं त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. या सगळ्यात 2024 चा मार्च उजाडला, तेव्हा कुठे कागद पूर्ण झाल्याचा निरोप आला.

त्यानंतर थांबणं सुरू झालं. बायांनो, हे थांबणं काय असतं ते आम्ही जवळून पाहिलंय. ती रोज पहाटे उठून मोबाईल बघायची, कारण तिकडची कचेरी आपल्या रात्री चालते. काही आलेलं नसलं की तशीच उठून चूल पेटवायची. गावात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अजून इथेच का? कधी जाणार?" हळदीकुंकवाला गेली तरी तेच. बारशाला गेली तर दुसरंच, "तुझं कधी?" नवरा सात समुद्रापलीकडे आणि विचारणाऱ्या बायका आम्हीच! एके दिवशी ती बैठकीला आलीच नाही. निरोप पाठवला, डोकं दुखतंय. दुसऱ्या महिन्यातही तेच. मग आमच्यातली एक मावशी तिच्या घरी गेली. तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मला डोकंबिकं काही दुखत नाही. मला त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही."

मावशीने हे बैठकीत सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या खाली मान घालून बसलो. त्या दिवशी ठरवलं, हा प्रश्न आपण विचारायचा नाही. पत्र आलं तर ती स्वतःच पेढे घेऊन येईल.

पण खरा पेच पुढेच होता. तिच्या सासूने गटाकडे ऐंशी हजारांचं कर्ज मागितलं. तालुक्याच्या गावी एक माणूस भेटला होता. "वकिलातीत माझी ओळख आहे, दोन महिन्यांत तारीख काढून देतो," म्हणाला होता. बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "पोरीचा संसार अडलाय, ऐंशी हजारांचं काय घेऊन बसलात?" दुसरी म्हणाली, "तो पावती देतो का, एवढं विचारून या." विचारलं तर तो पावती द्यायला तयार नाही. कशाचे पैसे तेही लिहून द्यायला तयार नाही.

मग पुन्हा त्या कॉलेजच्या मुलीला बसवलं. वाचून कळलं ते असं. रांगेतला नंबर पैशाने पुढे सरकत नाही. घरात जिवावरचं दुखणं आहे, असं काही खरोखरचं संकट असेल तर लवकर तारीख मागता येते. पण तो अर्ज नवरा किंवा बायको स्वतः करतात, दवाखान्याचा कागद जोडून, आणि त्याला फी नसते. मान्य करायचं की नाही हे वकिलातच ठरवते. यात मधल्या माणसाचं कामच नाही. उलट त्याने एखादा खोटा कागद जोडला, तर मुलीचा व्हिसा कायमचा हुकू शकतो.

आम्ही कर्ज नाकारलं. सोपं नव्हतं ते. सासूबाई आमच्यातल्याच, गट सुरू झाला तेव्हापासूनच्या. त्या रागावल्या. "माझ्या सुनेच्या वेळेलाच तुम्हाला नियम आठवले," म्हणाल्या आणि दोन महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही खोटं नव्हतं. लेकाचा संसार मार्गी लागावा, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटी सुनेनेच त्यांना समजावलं. म्हणाली, "आत्या, दोन महिन्यांनी तारीख नाही आली तर हप्ते मला इथेच बसून फेडावे लागतील."

त्यानंतर आम्ही तिच्यासाठी दुसरं काय करता येईल ते पाहिलं. ती बारावी झालेली. गटाचे हिशोब तिच्याकडे दिले. तिने एमएससीआयटी केलं. आता शिलाईच्या ऑर्डरी घेते, स्वतःच्या खात्यात पैसे टाकते. इंग्रजी बोलायचा सराव रोज अर्धा तास, कॉलेजच्या मुलीबरोबर. ती म्हणते, "आधी वाटायचं, पत्र आल्यावर जगायला सुरुवात करायची. आता दिवस तरी जातो." रात्री अजून कधीकधी रडते. ते आम्ही लपवत नाही.

शेजारच्या गावातली एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या एका मुलीला नवरा चार वर्षं सांगत होता, "व्हिसाला उशीर होतोय." उशीर सगळ्यांनाच होतो, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. शेवटी तिच्या भावाने नंबर मागितला, तेव्हा कळलं की अर्जच केलेला नाही. म्हणून मैत्रिणींनो, आय-130 च्या पावतीचा नंबर, नंतरचा बीएमबीचा नंबर आणि त्याबरोबर येणारा इनव्हॉइस नंबर हे तिन्ही नंबर मुलीच्या स्वतःच्या वहीत हवेत. त्यावरून फाईल कुठे आहे ते तिला स्वतःला पाहता येतं. नंबर मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला नवरा मागायच्या आधी देतो. फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. परदेशी नवऱ्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्ष आहे. 181 या महिला हेल्पलाईनवर फोन करूनही वाट विचारता येते.

आणखी चार गोष्टी, ज्यांची मुलगी किंवा सून रांगेत आहे त्यांच्यासाठी.

वैद्यकीय तपासणी आधीच करून ठेवू नका. मुलाखतीचं पत्र आल्यावरच करायची, आणि वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. तिचा रिपोर्ट ठरावीक महिनेच चालतो, आधी केली तर पैसे फुकट जातात.

पोलिसांचा दाखला जुना होत नाही ना, पासपोर्टची मुदत संपत नाही ना, ते पाहत राहा.

मुलाखतीला सगळे मूळ कागद न्यायचे. नवरा हजर असायलाच हवा असं नाही. लग्न कसं जमलं, कोण कोण आलं होतं, नवरा काय काम करतो, असं विचारतात. जे खरं आहे तेच सांगायचं. कुणी पढवलेलं बोलायचं नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. एखादा कागद कमी पडला तर मागणीची चिठ्ठी देतात. तो कागद नेऊन दिला की काम पुढे चालू होतं. तो नकार समजून रडत बसू नका.

आणि व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, शिलाई मशीन विकू नका, विमानाचं तिकीट काढू नका.

या उशिरात एक बरं झालं, तेही सांगतो. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचणाऱ्या बायकोला आधी दोनच वर्षांचं कार्ड मिळतं आणि नंतर पुन्हा अर्ज करावा लागतो. हिच्या लग्नाला दोन वर्षं कधीच होऊन गेली, त्यामुळे हिला एकदम दहा वर्षांचं मिळेल. हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढी वाट बघायला लावली, त्यातलं थोडं तरी फेडलं म्हणायचं." त्या दिवशी बैठकीत पुष्कळ दिवसांनी सगळ्या हसलो. सासूबाईही.

हे आम्ही बोलतोय तोवर पत्र आलेलं नाही. परवाच्या बैठकीत तिने हिशोबाची वही पुढच्या मार्चपर्यंत आखून ठेवली. शेवटच्या पानावर कुणाला काय शिकवून ठेवायचं याचीही यादी केली आहे, आपण गेल्यावर गटाचं अडू नये म्हणून. ती यादी आम्ही वाचली आणि कुणीही काही विचारलं नाही.

तुमच्या गावात अशी कुणी थांबलेली असेल तर तिला बैठकीला बोलवा. काम द्या, सोबत द्या, आणि "कधी जाणार" हा प्रश्न तेवढा घरी ठेवून या.