अमायलेज नॉर्मल आलं, मग पेशंटला घरी न्यायचं का?

आजचा विषय स्वादुपिंडाची अचानक येणारी सूज, म्हणजे ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाईकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, अमायलेज नॉर्मल आहे, मग घरी न्यायचं ना?" एवढ्यावर नाही ठरत हो.

आपल्याकडे पोट वर दुखलं की लगेच 'पित्त झालं'. मग गोळी, सोडा, थंड दूध. पण बेंबीच्या वर जोराची कळ आहे, ती पाठीत जातेय, पुढे वाकल्यावर जरा बरं वाटतंय आणि उलट्या थांबत नाहीत, तर रात्र काढू नका. दवाखाना गाठा. तिथे ईसीजीही काढतात, कारण हार्ट अटॅकसुद्धा कधीकधी पोटदुखीचं सोंग घेतो.

निदानाचा नियम 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणातला. तीनपैकी दोन गोष्टी जुळायला हव्यात: तशीच पोटदुखी, अमायलेज किंवा लायपेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपेक्षा किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज.

आता वेळेचं गणित बघा. अमायलेज काही तासांत चढतं, पण साधारण 3 ते 5 दिवसांत उतरतं. लायपेज 8 ते 14 दिवस वर राहू शकतं. समजा, साक्रीकडच्या पाड्यावरचा माणूस चार दिवस अंगावर काढून धुळ्याला आला. त्याचं अमायलेज नॉर्मल येईल, आजार मात्र तसाच असेल. म्हणून दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते सांगा, आणि लायपेज केलंय का ते विचारा.

ट्रायग्लिसराइड खूप वाढलं असेल तर सिरम दुधासारखं दिसतं, आणि अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. असं सिरम दिसलं की लॅबने डॉक्टरांना फोन करायलाच हवा.

उलटही होतं. गालगुंड, किडनीचा आजार, आतड्याला पडलेलं भोक, यातही अमायलेज वाढतं. कपाशीवर फवारताना विषबाधा झाली तर लाळग्रंथींमुळेही वाढतं. क्वचित त्या विषाने स्वादुपिंडही सुजतं. तिथे लायपेज जास्त कामाचं.

आणखी एक. 2000 आलं म्हणजे 600 पेक्षा आजार मोठा, असं नाही. निदान झाल्यावर हा आकडा रोज तपासणं म्हणजे पैसे वाया. आजार किती गंभीर ते कळतं हिमॅटोक्रिट, युरिया, क्रिएटिनिन, ऑक्सिजन आणि 48 तासांनंतरचं सीआरपी यांवरून.

मग कारण शोधायचं. एसजीपीटी 150 च्या वर असेल तर पित्ताशयातल्या खड्यांचा संशय बळावतो, आणि सोनोग्राफी तर सगळ्यांचीच करायची. ट्रायग्लिसराइड 1000 च्या वर असेल तर तेच कारण असू शकतं. कॅल्शियमही बघतात. दारूचं मात्र कोणतीच तपासणी नीट सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचं. मोहाची असो की दुकानातली, डॉक्टरांपासून लपवू नका. कारण कळलं नाही तर हाच झटका पुन्हा येऊ शकतो.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की आकड्याशेजारी तारीख आणि दुखण्याचा दिवस लिहून ठेवा. घरी जायचं की नाही, ते आकडा नाही, पेशंटला तपासणारा डॉक्टर ठरवतो. भेटू पुढच्या भागात.