खजुरीच्या विहिरीखाली

खजुरीच्या शिवारात नवी विहीर खणली जात असता काठावर घटकाभर उभे राहिले, तर भूगर्भशास्त्राचा पहिला धडा विनासायास मिळतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि अखेर पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. क्वचित दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. मधल्या उसंतीत खडक झिजून जी माती झाली, ती पुढच्या तप्त थराखाली दडपली गेली. तीच ही पट्टी.

पण या पाषाणाच्याही खाली काय आहे? ते पाहण्यास विहीर अधिक खोल करण्याचे कारण नाही. कलबुर्गीस रायचूरच्या गाडीत बसावे. दख्खनचा काळा खडक दक्षिणेकडे पातळ होत होत संपतो आणि शहाबादेस त्याच्या पोटातला चुनखडक उघडा पडतो. आपल्या स्वयंपाकघरातील शहाबादी फरशी म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळी साचलेला गाळ होय! पुढे यादगीरच्या किल्ल्याची टेकडी लागते, ती ग्रॅनाइटची. सपाट रुळांवरून जाता जाता आपण भूमीचे तीन मजले उतरलेले असतो.

हा तळमजला फार पुरातन, म्हणून स्थिर, अशी समजूत होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ती मोडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी उमरग्यापलीकडे किल्लारीस भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांना मारले ते धरणीने नव्हे, तर घरांनी, असे म्हणणे कठोर वाटेल. पण दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार, जो उन्हाळ्यात गारवा देई, तोच अंगावर आला. भूकंपाचे केंद्रही खोल नव्हते. दहा किलोमीटरांच्या आतच होते.

पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र पाडले. काळा पाषाण ३३८ मीटरांवर संपला. खाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि लगेच ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक. शहाबादी दगड तेथे आढळला नाही.

त्याखाली माणसाचा हात पोहोचत नाही. रशियात कोला येथे १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोदून झाले. पृथ्वीची त्रिज्या मात्र ६,३७१ किलोमीटर! आपल्या भागात कवचच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड. त्याखाली २,९०० किलोमीटरांपर्यंत प्रावरण, मग लोहमय गाभा, बाहेरून द्रवरूप, आत घन. हे कळले कसे? भूकंपाच्याच लाटांनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत वेगवेगळ्या लाटा ओळखल्या आणि १९०६ साली गाभ्याचे अस्तित्व दाखविले. त्यातील घन भाग डेन्मार्कच्या विदुषी इंगे लेमान यांनी १९३६ साली ओळखला.

किल्लारीची लाटही याच वाटेने गेली. प्रावरण आणि गाभा ओलांडून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकास पोहोचण्यास अशा लाटेला वीस मिनिटे पुरतात. इकडे तोवर उजाडलेही नव्हते, आणि माणसे अंधारात हातांनी माती उपशीत होती.