मातीकामाचे यंत्र आणि चालकाचा हात

वैशाख सरत आला म्हणजे हदगाव तालुक्याच्या शिवारांत एक निराळीच घाई सुरू होते. मृग निघण्याच्या आत शेततळे पुरे व्हावे, नाल्यात साचलेला गाळ निघावा, मोडलेला बांध पुन्हा उभा राहावा, विहिरीचे अर्धवट राहिलेले काम तडीस जावे, अशी ज्याची त्याची निकड असते. आणि ह्या सर्व कामांसाठी आज कुदळ-फावड्याच्या आधी यंत्राची आठवण होते. साखळीपट्ट्यांवर चालणारे ते ‘पोकलेन’ आणि चाकांवर धावणारे ते ‘जेसीबी’, ही नावे तेथील पोरासोरांच्याही तोंडी आहेत. पहिले नाव मूळ एका फ्रेंच कंपनीचे व दुसरे एका इंग्रज कंपनीचे. परंतु कोणत्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणण्याची जशी वहिवाट पडली, तद्वत् यंत्र कोणत्याही कारखान्यातले असो, लोकांनी त्यास ह्या दोन नावांतच बसविले आहे.

यंत्र असे घरोघरचे झाले. ते चालविण्याची विद्या मात्र अद्याप घरोघरची झालेली नाही. ह्या यंत्राच्या बैठकीवर बसणारा तरुण बहुधा कोणत्याही शाळेतून शिकून आलेला नसतो. तो प्रथम हेल्पर म्हणून लागतो. यंत्र पुसावे, सांध्यांत ग्रीस भरावे, डिझेलचे डबे वाहावे, आणि दुपारी ऑपरेटर जेवावयास उतरला म्हणजे धीर करून दांड्यांना हात लावावा, असा त्याच्या शिक्षणाचा क्रम असतो. ही रीत टाकाऊ आहे असे नव्हे. सुतार, लोहार, गवंडी हे सर्व असेच शिकले. परंतु तीत एक उणीव आहे. शेजारी बसून पाहणाऱ्यास जाणत्याचा हात काय करतो तेवढेच दिसते. त्या हाताने काय करावयाचे टाळले, ते दिसत नाही. आणि ह्या धंद्यातील अर्धे कौशल्य व जवळजवळ सर्व सुरक्षितता टाळण्यातच असते.

माती खणण्याचे शास्त्र ह्या मुलखाला नवे नाही. मातीवडार, गाडीवडार व पाथरवट असे भेद ज्या समाजात आहेत, त्या वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विहिरी, तलाव व रस्ते यांचे मातीकाम केले. त्यांची कुदळ संथ चाले. म्हणूनच जमिनीचा रंग पालटला, ओल लागली, मुरूम सुरू झाला, हे त्यांना वेळीच कळत असे. यंत्राने ही संथ गती मोडली. अमेरिकेत विल्यम ओटिस नावाच्या तरुणाने वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्राचे पेटंट १८३९ साली मिळविले, आणि १९०४ ते १९१४ ह्या दहा वर्षांत पनामाचा कालवा अमेरिकनांनी अशाच वाफेच्या फावड्यांनी पुरा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर वाफ व लोखंडी दोर यांची जागा तेलाच्या दाबाने घेतली. जेसीबी कंपनीची यंत्रे १९७९ पासून आपल्या देशात तयार होऊ लागली, आणि पुढील चाळीस वर्षांत ती खेड्यापाड्यांत पोहोचली.

ह्या गतीचा हिशेब साध्या मापात सांगता येतो. मातीकामाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. सुमारे २० टन वजनाच्या पोकलेनची बकेट एक घनमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३५ घनफूट माती घेते. तीन बकेटांत एक ब्रास झाला. आणि तीन बकेटांस जाणत्या हाताला मिनिटभर वेळ पुष्कळ झाला. चांगले काम ज्या प्रमाणात वाढले, त्याच प्रमाणात चूकही वाढली. कुदळीची चूक वीतभर असे. यंत्राची चूक कोणी ‘थांब’ म्हणेपर्यंत खोलीभर झालेली असते.

यंत्राची रचना मनुष्याच्या हातासारखीच आहे. बूम हा दंड, आर्म हा कोपरापुढचा हात, बकेट हा पंजा, आणि वरचा सर्व भाग गरगर फिरतो ती कंबर. इंजिन पंप फिरविते, पंप तेलाला दाब देतो, आणि बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा जो नियम पास्कल ह्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगितला, त्याच्या बळावर नळकांड्यातील दट्ट्या टनावारी वजन उचलतो. चालकाच्या हाताशी दोन दांडे असतात. बहुतेक पोकलेनमध्ये डाव्या दांड्याने कंबर व पुढचा हात हालतो, आणि उजव्याने दंड व पंजा. परंतु कांही यंत्रांत ही वाटणी निराळी असते. यास्तव परक्या यंत्रावर बसताच मोकळ्या जागी एकेक दांडा हळूच हालवून पाहणे, हा ह्या विद्येचा पहिला पाठ होय. सवयीचा हात नव्या यंत्रावर नेमकी उलटी क्रिया करतो, आणि ती क्रिया कोणाच्या अंगावर होईल ते सांगवत नाही.

नवशिक्या एका वेळी एकच सांधा हालवितो. म्हणून त्याचे यंत्र झटके देते. जाणता दंड उचलीत असतानाच हात आत ओढतो व पंजा मिटतो. माती बकेटीत आपोआप गोळा होते, इंजिन कण्हत नाही, डिझेल कमी जळते. हे साधण्याचे मार्ग साधे आहेत. पडीक जमिनीवर फक्कीची रेघ ओढावी व बकेटीचे दात त्या रेघेवरून न ढळता न्यावेत. ओबडधोबड जागा एका पातळीत आणावी. कमरेइतका चर खणून त्याच्या कडा सरळ राखाव्यात. टिपर अशा जागी उभा करावा की, यंत्राला थोडेच वळावे लागेल आणि भरलेली बकेट टिपरचालकाच्या डोक्यावरून कधीही जाणार नाही. दांड्यांची ओळख कांही आठवड्यांत होते. जमिनीची ओळख व्हावयास मात्र अनेक उन्हाळे व अनेक पावसाळे लागतात.

ती ओळख मराठवाड्यात विशेष अगत्याची आहे. येथील काळी माती पाणी प्याली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात तिचा कडा भिंतीसारखा उभा राहतो आणि पाहणाऱ्याला खोटा भरवसा देतो. एक वळीव पडला, किंवा जवळच्या कालव्याचा पाझर लागला, की तोच कडा भेगेच्या रेषेने सुटून येतो. म्हणून जाणता चालक खड्ड्याच्या काठाशी पट्टे समांतर ठेवीत नाही. ते काठाकडे तोंड करून सरळ ठेवतो, पट्टे फिरविणारे दातेरी चाक मागच्या बाजूला राखतो, म्हणजे काठ बोलू लागताच यंत्र सरळ मागे घेता येते. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिच्या पोटाखालची माती तो ओढीत नाही. निघालेली माती काठावर न रचता निदान दीड मीटर, आणि खड्डा खोल असेल तर त्याच्या निम्म्या खोलीइतकी दूर टाकतो; कारण तीच माती आपल्या भाराने काठ ढासळविते.

खड्ड्यात मनुष्य उतरावयाचा असेल तर ह्या नियमांना जिवाचे मोल येते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत माती आली, तोंड मोकळे राहिले, तरी बरगड्या हालत नाहीत आणि माणूस श्वासावाचून गुदमरतो. नळाच्या चरात, पायाच्या खड्ड्यात, विहिरीच्या तोंडाशी असे प्रसंग क्षणात घडतात. बाजूंना पुरता उतार दिल्यावाचून किंवा फळ्यांचा आधार लावल्यावाचून छातीपेक्षा खोल चरात कोणास उतरू देऊ नये. मालक म्हणेल, ‘पाच मिनिटांचेच काम आहे.’ माती घड्याळ पाहून सुटत नाही.

दुसरा धोका यंत्राच्या पाठीशी असतो. पुढचा हात जितका लांब, तितकाच मागे लोखंडाचा तोलभार जड. आणि कंबर वळली की तो तोलभार चालकाच्या दृष्टीआडून फिरतो. भिंत आणि यंत्र यांच्या सापटीत उभा राहिलेला मनुष्य चालकाला दिसत नाही. भर उन्हात रानात दुसरे झाड नसते, म्हणून मजूर यंत्राच्याच सावलीत अंग टाकतात. यासाठी इंजिन सुरू करण्यापूर्वी यंत्राभोवती पायी एक फेरा घालणे हा नियम आहे; तो कितीही वेळा उतरले तरी तितक्या वेळा पाळावयाचा. इशारा करणारा मनुष्य एकच असावा. परंतु ‘थांब’ हा इशारा कोणीही केला, अगदी लहान मुलाने केला, तरी हात थांबला पाहिजे.

यंत्र पाहावयास गर्दी जमते, ह्याची थट्टा २०१९ च्या मे महिन्यात साऱ्या देशाने मोबाइलवर केली. थट्टा निरुपद्रवी होती. गर्दी निरुपद्रवी नसते. मिरवणुकीत बकेटीत उभे राहून पुढाऱ्यावर गुलाल व फुले उधळण्याची चाल तर आता महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. बकेट हे माणसाचे वाहन नव्हे. तेलाची एक नळी फुटली, किंवा चालकाचे कोपर दांड्याला लागले, तर वर उभ्या असलेल्यास कशाचाही आधार नाही. विहिरीत माणसे उतरविण्यासही बकेट वापरू नये. हौशीच्या दिवशी ‘नाही’ म्हणण्यास ऑपरेटरला पोटतिडीक लागते. म्हणून त्याच्या ‘नाही’ला मालकाचे पाठबळ पाहिजे.

डोक्यावरच्या विजेच्या तारा आणि पायाखालच्या नळ्या, हा तिसरा धोका. शेतांवरून जाणारी तार स्पर्श होण्याची वाट पाहत नाही. उच्च दाबाची वीज पुरेशा जवळ आलेल्या लोखंडावर झेप घेते. उंचावलेला बूम तारेला लागलाच, तर चालकाने बैठक सोडू नये, यंत्र तारेपासून दूर घेण्याचा यत्न करावा, आणि वीज बंद होईपर्यंत कोणास जवळ येऊ देऊ नये. आग लागून उतरणे भागच पडले, तर यंत्र व जमीन यांना एकाच वेळी हात न लावता दोन्ही पाय जुळवून उडी टाकावी व पाय न उचलता सरपटत दूर जावे. जमिनीखालील तारा व नळ यांची विचारणा खोदण्याच्या आधी करता यावी, म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ही मोबाइलवरील सोय सुरू केली आहे. गावातील जुन्या नळवाल्यास विचारणे हाही तितकाच उपयुक्त उपाय होय.

जीव राखणे हे पहिले. परंतु चांगल्या चालकाकडून जमीनही राखली जावी लागते. वरचा हात-दीड हात काळ्या मातीचा थर तयार व्हावयास निसर्गाला शतके लागली. शेततळे खणताना तो थर आधी सोलून बाजूस न ठेवता चालकाने खालचा मुरूम वर पसरला, तर ते रान कित्येक हंगाम पीक देत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आणि २०१७ साली गाळमुक्त धरणाची योजना सुरू झाल्यापासून नाले व तलाव यांतील गाळ यंत्रांनी फार मोठ्या प्रमाणावर निघाला. तेथेही थांबण्याची जागा ओळखणे हेच कौशल्य आहे. गाळ संपून तलावाचा मूळ तळ लागला की हात आवरावा. पाणी धरून ठेवणारा थर फोडला तर खोली वाढते आणि पाणी मात्र राहत नाही.

ह्या सर्व संयमाच्या आड एक गोष्ट येते, ती म्हणजे तासाचा काटा. यंत्र तासावर भाड्याने जाते. शेतकरी मिनिटे मोजतो, मालक फेऱ्या मोजतो, बँकेचा हप्ता महिना मोजतो. आणि ह्या सर्वांची घाई शेवटी बैठकीवरील एकट्या तरुणाच्या हातात उतरते. त्याने फेरा घातला, टिपर नीट उभा करवून घेतला, काठापासून माती दूर टाकली, तर तासात पाचदहा मिनिटे गेली असे वाटते. परंतु नीट उभा केलेला टिपर प्रत्येक बकेटीमागे वळण वाचवितो, दूर टाकलेली माती पुन्हा उपसावी लागत नाही, आणि उलटलेले यंत्र उभे करण्यास संबंध दिवस लागतो. सावधपणा व कुशलता ह्या दोन विद्या नव्हेत. ज्याचा हात झटका देत नाही, त्याचेच काम लवकरही होते.

बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ साली कायदा झाला. रस्त्यावर यंत्र नेण्यास परवाना लागतो. यंत्रचालकांच्या शिक्षणाचे अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घेणारी स्वतंत्र कौशल्य परिषदही देशात आहे. ज्याला शक्य आहे त्याने तो मार्ग अवश्य धरावा. परंतु हदगावचा जो मुलगा आज कुणाच्या यंत्रावर ग्रीस भरीत आहे, त्याच्यापर्यंत ती शाळा पोहोचेपर्यंत त्याचा उस्ताद हीच त्याची शाळा आहे. त्या उस्तादाने एवढेच करावे की, मुकाट्याने काम न करता बोलत काम करावे: येथे यंत्र का उभे केले नाही, ह्या काठापासून का सरलो, ती तार पाहून बूम का खाली घेतला, गळती शोधावयास बोट न लावता पुठ्ठा का धरला, उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून कुलूपदांडा का ओढला. दाबाखालील तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते व बोट कापण्याची पाळी आणते, हे हेल्परला कोणी सांगितल्यावाचून कसे कळावे? आणि मालकाने पावसाळा लागण्यापूर्वी एक दिवस यंत्र भाड्यास न देता पडीक रानावर शिकाऊ हातास द्यावे. त्या एका दिवसाचे भाडे बुडेल; त्या दिवशी शिकलेला ‘थांब’ मात्र पुढे कोणत्या चरात कोणाचा जीव वाचवील, ते कोणास मोजताही येणार नाही.