टू-स्ट्रोक गाडी तापते तेव्हा
(आकाशवाणीवरील भाषण)



भूम-वाशी भागात खव्याच्या भट्टीवर दुधाचे कॅन येतात ते बहुधा मोटरसायकलला बांधून. त्या गर्दीत अजूनही एखादी राजदूत, एखादी एम-80, एखादी आरएक्स-100 दिसते. 1985 ते 1996 या काळात निघालेली आरएक्स-100 अवघी 98 सीसीची. पण अंगाने हलकी आणि चढाला हटत नाही, म्हणून लोकांनी ती जपली. काही हौशी पोरांनी तर मडगार्ड उचलून, जाड खाचांचे टायर चढवून तिची डर्ट बाइक केली आणि बालाघाटाच्या माळावर घातली. मार्च लागला की या सगळ्यांची तक्रार एकच असते, गाडी तापते. दोन-चार किलोमीटरनंतर ओढ कमी होते, चढाला इंजिनातून खडखड येते, आणि एखाद्या दिवशी पिस्टन धरतो, मागचं चाक जागेवर जाम होतं.

यावर दोन उत्तरं तयार असतात. एक, ऊनच एवढं आहे. दुसरं, गाडी म्हातारी झाली, सिलिंडर बोअर करून टाका. मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड चालताना दीडशे-दोनशे अंशांवर असतं. बाहेरचे पाच-सात अंश वाढले म्हणून धडधाकट इंजिन जाम होत नाही. आणि बोअर हा तर शेवटचा उपाय आहे. तापण्याचं कारण तसंच ठेवून नवा पिस्टन घातला, तर तोही धरणार, आणि दुधावर घर चालवणाऱ्याचे पैसे पाण्यात जाणार. याचं मला फार वाईट वाटतं.

गाडी वाटेत तापली तर आधी काय करायचं नाही ते सांगतो. इंजिनावर पाणी ओतायचं नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची स्लीव्ह बिडाची. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं आणि दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी. वरून गार पाणी पडलं की बाहेरचा सिलिंडर आधी आकसतो, आतला पिस्टन फुगलेलाच राहतो. सावलीत उभी करा आणि आपोआप निवू द्या.

निवली की प्लग काढा. टोकाभोवतीचं पांढरं चिनी मातीचं बोंड नीट पाहा. ते दुधाच्या चहासारखं तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळं, तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. कोरं पांढरं असेल, त्यावर बारीक चकचकीत ठिपके असतील, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम. टू-स्ट्रोक तापण्यामागे बहुतेक वेळा हेच निघतं.

आता ही जादा हवा येते कुठून? कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर उन्हाने तडकतं. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी सोडा. पाणी आत ओढलं गेलं, इंजिनाचा आवाज बदलला, की गळती सापडली. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून हे कधीच पाहू नका. दुसरी जागा मॅग्नेटोकडचं क्रँकचं ऑइल सील. ते गेलं की रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच घुमत राहतं. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो, तो आजार वेगळा. त्याशिवाय कार्बुरेटरच्या मेन जेटमध्ये कचरा, टाकीच्या कॉकची जाळी तुंबणं, झाकणाचं हवेचं भोक बुजणं, हेही पाहून घ्या.

आणि एक नवं कारण आहे. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच पुरते. म्हणजे 1990 साली बसवलेल्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं, तरी आज ते इंजिनाला कमी पडतं. जुन्या गाडीला मेन जेट एक नंबर वाढवावा लागतो, तो याचसाठी. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते पाण्यासकट तळाशी बसतं, आणि त्या थरात 2टी ऑइल नीट मिसळत नाही. असं पेट्रोल काढून टाका, जीव तुटला तरी.

ऑइलबाबत एक गैरसमज आहे. गाडी तापते म्हणून लोक टाकीत ऑइल वाढवतात. लिटरमागे 20 मिलीऐवजी 60 मिली ओतलं, तर त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल सुमारे 4 टक्क्यांनी घटतं. वर सायलेन्सरमध्ये काजळी धरते, जळका वायू कोंडतो आणि इंजिन आणखी तापतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं मापच ठेवा. आरएक्सची ऑइलची टाकी वेगळी असते, तिथे पंपाची वायर बरोबर ओढते का तेवढं बघा.

उष्णता बाहेर पडावी म्हणून सिलिंडरच्या फिनमधला चिखल खरवडून काढा. रेसच्या डर्ट बाइकला रेडिएटर असतो, तिथेही त्याच्या जाळीत चिखल बसला की तेच होतं. क्लच घसरत नाही ना, मागचा ब्रेक चिकटून राहत नाही ना, हेही तपासा.

घाट उतरताना मात्र जपा. तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूने उतरताना पुष्कळ जण गिअर तसाच ठेवून रेस पूर्ण सोडतात. राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जातं. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि ऑइलही बंद, इंजिन मात्र जोरात फिरतंय. आरएक्सचा पंपही अशा वेळी कमीच तेल देतो. वेग ब्रेकने धरा आणि अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

दुरुस्ती झाली की नवा प्लग घाला, पुस्तकातल्याच नंबरचा. रहदारी नसलेल्या चढावर गाडी पूर्ण रेसवर चालवा, क्लच दाबून इंजिन बंद करा, कडेला थांबा आणि प्लग पाहा. पांढराच राहिला तर जेट आणखी एक नंबर वाढवा. तपकिरी आला, तरीही ओढ नसेल आणि किक हाताने दाबली तरी सहज खाली जात असेल, तर रिंगा संपल्या आहेत. तेव्हा बोअरचं काम काढायला हरकत नाही.