दहा दिवसांत दहा किलो? आधी हिशोब दाखवा

(मालेगाव तालुक्यातल्या प्रभागसंघाच्या सभेत केलेलं भाषण. वाचक भगिनींसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)

 

आज मला वजनावर बोलायचं आहे. कांद्याच्या नाही, आपल्या. हसा, पण ऐका.

हल्ली गटाच्या बैठकीत एक नवीन प्रकार दिसतो. बचत गोळा झाली, सह्या झाल्या, वही मिटली की एखादी ताई पिशवीतून डबा काढते. आत आंब्याच्या नाहीतर चॉकलेटच्या वासाची पावडर. सोबत मोबाईलवर दोन फोटो, एक 'आधी'चा, एक 'नंतर'चा. कुठे पावडरीऐवजी काढा असतो, कुठे पोटाला बांधायचा पट्टा, कुठे कानाला लावायचं चुंबक. बोली मात्र सगळीकडे एकच. दहा दिवसांत दहा किलो, पथ्य नको, व्यायाम नको, साईड इफेक्ट नाही.

मी डॉक्टर नाही. मी गटांची पुस्तकं लिहिते. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढंच मला कळतं. पण या बोलीला तेवढंच पुरतं. म्हणून आधी हिशोबच करू.

शरीराची बचत म्हणजे चरबी. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. आता खर्च बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात, जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे 2,720 कॅलरी लागतात असं दिलं आहे. जड काम म्हणजे आपलं कांदे काढायचं, डोक्यावर पाट्या वाहायचं काम. समजा अशा बाईने दहा दिवस अन्नाचा कणही घेतला नाही आणि काम तसंच चालू ठेवलं. दहा दिवसांचा खर्च झाला 27,200 कॅलरी. भागा 7,700 ने. चरबी किती गेली? साडेतीन किलो. तीसुद्धा पूर्ण उपाशी राहून, आणि तोवर ती बाई बांधावर आडवी झालेली असणार.

मग राहिलेले साडेसहा किलो डब्यातली पावडर कुठून काढते? मला ही एंट्री दाखवा.

"पण अहो, काट्यावर दिसतं ना! शेजारणीचे आठवड्यात चार किलो उतरले." दिसतं, खोटं नाही. पण उतरलं ते बहुतेक पाणी. भाकरी-भातातली थोडी साखर शरीर हाताशी साठवून ठेवतं, आणि एका भागाबरोबर जवळपास तीन भाग पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम तोडलं की आधी तो साठा आणि ते पाणी जातं. पट्टा बांधला की घाम जातो. वैशाखात दिवसभर शेतात राबून आलं की कोणाचंही वजन किलोभर कमी भरतं, दोन तांबे पाणी प्यायलं की जागेवर येतं. त्याला आपण कधी चमत्कार म्हटलं का? आणि बऱ्याच 'हर्बल' चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी म्हणजे जुलाब. पोट रिकामं झालं, पाणी गेलं, काटा हलला. चरबी होती तिथेच आहे.

इथपर्यंत नुकसान पैशाचं. पुढचं जास्त गंभीर आहे.

सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं एक औषध होतं. हृदयाला आणि रक्तदाबाला धोका दिसला म्हणून 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झालं आणि 2011 मध्ये भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली. दुकानातून गेलं, पण जगभर कितीतरी 'शंभर टक्के नैसर्गिक' वजनाच्या गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत हेच सापडत आलं आहे. डब्यावर त्याचं नाव अर्थातच नसतं. म्हणून एखाद्या पुडीने खरोखरच भूक मेली, छातीत धडधडायला लागलं, झोप उडाली, तर "गुण येतोय" म्हणून खूश होऊ नका. पुडी बंद करा आणि दवाखान्यात जा, पुडी हातात घेऊन.

"झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय?" असं म्हणणारीला मी एकच सांगते, धोतराही झाडपालाच आहे. मी आजीच्या बटव्याच्या विरोधात नाही. ओवा, सुंठ, हळद माझ्याही घरात आहे. पण ज्येष्ठमधासारखी साधी गोड काडीसुद्धा रोज जास्त खाल्ली तर रक्तदाब चढतो. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी असाच एक डबा सुरू केला आणि बीपीची गोळी सोडली. डबा देणारीने सांगितलं होतं, आता गोळीची गरज नाही. तीन आठवड्यांनी मावशी अंगणात चक्कर येऊन पडल्या. वाचल्या, पण कमरेला लागलं ते आजही दुखतं. डबा देणारी वाईट बाई नाही. तिला जे सांगितलं गेलं तेच तिने पुढे सांगितलं.

आता मला सांगा, आपण याला भुलतो का? अडाणी आहोत म्हणून? मला नाही पटत. भुलतो कारण दुखरी जागा बरोबर सापडलेली असते. लग्नात कोणीतरी म्हणतं, "काय गं, किती सुटलीस!" नवरा टोमणा मारतो. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी अंगात त्राण राहत नाही. आणि डबा विकणारी सांगते, हे सगळं चरबीमुळे.

पण ते चरबीमुळेच असतं का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये जादा वजनाच्या 23.4 टक्के निघाल्या. त्याच सर्वेक्षणात 20.8 टक्के बायका गरजेपेक्षा बारीक निघाल्या, आणि रक्त कमी असलेल्या 54.2 टक्के. म्हणजे बैठकीला वीस जणी असतील तर चार-पाच जणींचं वजन जास्त, चार जणींचं कमी, आणि दहा-अकरा जणींचं रक्त कमी. धाप लागणं, थकवा, चक्कर ही तर रक्त कमी असल्याची लक्षणं. त्यावरच्या लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, आणि आपण आंब्याच्या वासाच्या पावडरीला दोन हजार मोजतो! बऱ्याच डब्यांत असतं काय, तर सोयाबीनचं नाहीतर दुधाचं प्रथिन, साखर आणि वास. अंडं सात रुपयांना धरलं तरी त्या पैशांत पावणेतीनशेच्या वर अंडी येतात.

आता गटाच्या पैशाचं बोलते, कारण या विषयावर उभं राहण्याचं माझं खरं कारण ते आहे.

पूर्वी यात्रेत जडीबुटीचा तंबू लागायचा. चंदनपुरीच्या खंडोबाला गेलो की घ्यायचं काय ते घेतलं, फसलो तर फसलो, तंबूवाला पुढच्या गावी. आता विकणारी आपल्याच गटातली आहे. तिला नाही कसं म्हणायचं? तीच माझ्या कर्जाला जामीन राहिलेली असते. कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे. आपण वर्षानुवर्षं दहा-वीस रुपयांनी जो विश्वास जमवला, तोच त्यांना भांडवल म्हणून हवा आहे, तोही बिनव्याजी.

एका गटात असं झालं. एका ताईने साडेसहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. वहीत कारण 'घरखर्च'. प्रत्यक्षात ते गेले 'स्टार्टर पॅक'मध्ये. तिला सांगितलं होतं, तू घे, तुझ्याखाली चार जणी जोड, त्या चार जोडतील, तू घरबसल्या कमावशील. दोन जणी जुळल्या, त्याही नणंदा. पुढे कोणी नाही. डबे पेटीत पडून मुदत संपली. हप्ते थकले, ती बैठकीला यायची बंद झाली, नणंदांशी बोलणं तुटलं. वजन तर कोणाचंच उतरलं नाही.

ताईंनो, हे माहीत असू द्या. थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. सभासद होण्यासाठी पैसे घेता येत नाहीत, आणि माल विकून नव्हे तर माणसं जोडून कमाई, अशी साखळी चालवता येत नाही. "आधी पाच हजार भर" असं कोणी म्हटलं की तिथेच उठा.

कर्ज मागायला कोणी आली तर आपण काय विचारतो? कशाला हवं, फेडणार कशी, आधीचं फेडलं का. मग डब्याला का नाही विचारत? कोणी तपासलं? किती बायकांना दिलं, आणि त्यातल्या किती जणींचं वजन वर्षभराने तसंच खाली राहिलं? ज्यांना गुण आला नाही त्या कुठे आहेत? फोटोत फक्त बारीक झालेली येते. हप्ता बुडवलेल्यांची पानं फाडून टाकलेली वही आपल्या ऑडिटला चालेल का?

"मला फरक पडला" हा पुरावा का पुरत नाही, ते मालेगावकरांना तरी कळायला हवं. आठवा, 2020 चा उन्हाळा. एप्रिलमध्ये मालेगावात करोना आला, राज्यभर आपलं नाव भीतीने घेतलं जाऊ लागलं. जूनपर्यंत आकडे उतरले. त्या काळात मन्सुऱ्याच्या युनानी कॉलेजचा काढा घरोघर गेला, बाहेरगावचे लोकही मागवू लागले. काढ्यामुळेच मालेगाव वाचलं असं अनेक जण छातीठोकपणे सांगत. पण काढ्याने की उपचाराने, की बऱ्याच जणांना आधीच लागण होऊन गेल्याने? हे घरात बसून ठरत नाही. त्यासाठी काढा घेतलेले आणि न घेतलेले समोरासमोर ठेवून मोजावं लागतं. पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मालेगावच्या त्या अनुभवाचा अभ्यास हाती घेतला, तो याचसाठी. कोंबडा आरवल्यावर उजाडतं, म्हणून उजेड कोंबड्याने आणला असं होत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे, आणि तो आजचा नाही. 1954 साली औषधं आणि जादूई उपाय यांच्या जाहिरातींवर कायदा झाला. ज्या आजारांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करायचीच नाही, त्या यादीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही आहे. मंतरलेला ताईत, कवच हेही त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 2019 च्या ग्राहक कायद्यात तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीला 1915 हा नंबर, मराठीतही बोलता येतं. फक्त बिल हवं. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर दाखवून कोणी गप्प करत असेल, तर तो अन्न विकण्याचा परवाना आहे, वजन उतरण्याची हमी नव्हे. त्याच डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'औषध म्हणून वापरू नये' असंही लिहिलेलं असतं. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

मग वजन कमी करायचंच नाही का? जास्त असेल तर करायचं. कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्यायचं. पण सावकाश. सत्तर किलोच्या बाईने तीन-चार महिन्यांत साडेतीन किलो उतरवले तरी बीपी आणि साखरेला फरक पडतो. सुरुवात चहापासून करा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम, 160 कॅलरी. महिन्याला 4,800. नुसती ती साखर सोडली तरी महिन्याला अर्धा किलो चरबीचा हिशोब बसतो, आणि वाण्याचं बिल कमी होतं ते वेगळंच. तेलाचंही तसंच, कढईत धार सोडू नका, चमच्याने मोजा.

दोनदाच खायचं की थोडं थोडं खायचं, यावर 2018 च्या आसपास डॉ. दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्यावरून आपल्या घराघरांत भांडणं झाली. पण दोघांचाही भर घरच्या अन्नावर होता, हे भांडणात विसरलं गेलं. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका. वजनावरची खरी औषधंही आता आली आहेत, 2025 पासून आठवड्याला एक इंजेक्शन असं मिळतं. ती महाग आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत, आणि त्यांचे त्रास कागदावर छापलेले असतात. खऱ्या औषधाची ही एक खूण धरा, ते आपले तोटे लपवत नाही.

आणि उलटंही लक्षात ठेवा. काही न करता वजन उतरायला लागलं तर पेढे वाटू नका. मधुमेह असू शकतो, क्षयरोग असू शकतो. आशाताईंना सांगा, तपासणी करून घ्या.

आपल्या प्रभागसंघापुढे मी दोन सूचना ठेवल्या आहेत. बैठकीच्या वेळेत आणि जागेत अशी विक्री नको. आणि 'पॅक'साठी अंतर्गत कर्ज मागितलं तर कारण तसंच स्पष्ट लिहायचं, 'घरखर्च' नाही. तुमच्या गटात यावर बोला, ठराव करून पाठवा. डबे घेऊन बसलेल्या ताईला मात्र घालून पाडून बोलू नका. तिचे हप्ते थकले असतील तर ती आपलीच अडचण आहे, परतफेडीची मुदत वाढवून द्या.

पुढच्या बैठकीला उपकेंद्राच्या सिस्टर वजनकाटा, बीपीचं मशीन आणि रक्त तपासायचं सामान घेऊन येणार आहेत. सकाळी अकरा वाजता, समाजमंदिरात. ज्यांच्या घरी डबा आहे त्यांनी तो बिलासकट आणा. बिल नसेल तरी डबा आणा, लेबल मिळून वाचू.