कॅज्युअल्टींतील रांग

मुंबईंतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात-विभागाला दरवाजा असतो, पण तो लावून घेण्याची वेळ कधीं येत नाहीं. परळच्या के. ई. एम. सारख्या, १९२६ सालापासून शहराची सेवा करीत आलेल्या रुग्णालयांत दिवस आणि रात्र हा भेद घड्याळापुरताच उरतो. सायंकाळीं लोकलगाड्यांना गर्दी चढली कीं फलाटावरून उचललेला जखमी इसम येतो, मागोमाग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, टॅक्सी येते, एखाद्या गृहस्थाला तर शेजारी खुर्चीसकट उचलून आणतात. या दालनाला सर्वजण कॅज्युअल्टी म्हणतात.

नवख्या माणसाला तेथें पहिली गोष्ट खटकते ती ही कीं, आधीं आलेल्याला आधीं, हा न्याय तेथें चालत नाहीं. रेशनच्या दुकानापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत जन्मभर रांगेंत उभें राहण्याची संवय झालेल्या शहरवासीयाला ही अव्यवस्था वाटते; कित्येकांना वशिलेबाजीहि वाटते. वस्तुतः ती निराळी आणि अधिक कठोर अशी व्यवस्था आहे. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य डॉमिनिक लारे यानें रणभूमीवर असा दंडक घातला कीं, सेनापति असो वा शिपाई, हुद्दा न पाहतां जखम पाहावी, आणि ज्याची जखम गंभीर त्याला आधीं हात लावावा. निवडणें या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून पुढें या पद्धतीला ‘ट्रायाज’ हें नांव पडलें. धान्य निवडण्यासारखेंच हें काम. मात्र येथें सुपांत माणसें असतात.

हें काम बहुधा पंचविशींतल्या निवासी डॉक्टराच्या आणि अनुभवी सिस्टरच्या वांट्यास येतें. नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध, अंगाचा रंग हें सारें दोन-तीन मिनिटांत पाहावयाचें. त्यांत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आवाज. जो मोठ्यानें ओरडतो त्याच्या छातींत हवा जात आहे, एवढें तर त्या ओरडण्यानेंच सिद्ध होतें. दम्याच्या मुलाची छाती वाजते आहे तोंवर डॉक्टरांना थोडा धीर असतो. श्वास लागलेला असतांनाच ती वाजेनाशी झाली कीं सगळे धांवतात. शाळेच्या वर्गांतहि दंगेखोर मुलाकडे मास्तरांचें लक्ष आधीं जातें आणि मागच्या बाकावर तापानें फणफणलेलें पोर तसेंच बसून राहतें. तेथें ती चूक तासाभरानें सुधारतां येते.

समजा, रात्रीचे नऊ वाजले आहेत. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचा बाप आला आहे. जिन्यावरून पडून मुलाच्या कपाळाला खोक पडली आहे, सदरा रक्तानें माखला आहे. सिस्टर जखमेवर घट्ट पट्टी बांधते, “बाळ, नांव सांग पाहूं,” म्हणते, उलटी झाली का तें विचारते आणि दोघांना बाकावर बसविते. अर्ध्या तासानें एक वृद्ध गृहस्थ पत्नीचा हात धरून चालत आंत येतात. “कांहीं नाहीं हो, जेवण जड झालें असेल.” परंतु चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, आणि मधुमेह जुना. अशा माणसाला हृदयविकाराच्या झटक्यांतहि छातींत कळ येतेच असें नाहीं. दहा मिनिटांच्या आंत त्यांचा ईसीजी निघालाच पाहिजे. वॉर्डबॉय स्ट्रेचर ओढतो (येथें त्याला ‘मामा’ आणि आयाबाईला ‘मावशी’ म्हणतात, एवढ्या धांवपळींत नात्याचीं हीं नांवें टिकलीं हें विशेष) आणि आजोबा पडद्याआड जातात.

“आम्ही केव्हांचे बसलों आहोंत! माझ्या पोराचें रक्त तुम्हांला दिसत नाहीं का?”

बापाचें चुकलें असें कोण म्हणेल? त्याच्या डोळ्यांसमोर जगांत एकच मूल आहे. पण अशाच क्षणीं हात उगारले जाऊं लागले, म्हणून महाराष्ट्राला २०१० सालीं डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला. कायद्यानें हात आंवरेल, राग आंवरत नाहीं. “तुमचें मूल बोलतें आहे, म्हणूनच तें थांबूं शकतें,” हें एक वाक्य त्या बापाला हवें असतें, आणि पुष्कळदां तेवढें बोलावयासहि कोणाला सवड होत नाहीं. ही उणीव खरी आहे.

घरच्या माणसांच्या हातीं मात्र बरेंच असतें. रोग्याचीं रोजचीं औषधें पिशवींत घालून न्यावीं. अर्धांगाचा झटका आला तर रोगी शेवटचा धडधाकट केव्हां दिसला ती वेळ घड्याळाप्रमाणें सांगावी. मेंदूंतील गुठळी विरघळविण्याचें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, तेथें “मघाशीं” या उत्तराचा उपयोग नाहीं. रस्त्यांत परका माणूस जखमी दिसल्यास पोलिसांच्या भयानें मागें फिरण्याचें कारण उरलेलें नाहीं. आधीं उपचार, मग सोपस्कार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच दिला, आणि मदत करणारास २०१९ च्या मोटार-वाहन दुरुस्ती कायद्यानें संरक्षणहि दिलें.

साडेदहाला मुलाच्या कपाळावर पांच टांके पडतात. बाप त्याला कडेवर घेऊन निघतो, तों पडद्यापाशीं आजी उभ्या आहेत. हातांत आजोबांचा चष्मा आणि चपला. डॉक्टर बाहेर येऊन त्यांना सांगतो, “मध्यें हृदय थांबलें होतें, आजी. विजेचा धक्का देऊन पुन्हां चालू केलें आहे. आतां वर हृदय-विभागांत नेतों.” आजींना तें धड कळत नाहीं. बापाला कळतें. तो मुलाला बाकावर बसवितो आणि आजींसाठीं पाणी आणावयास जातो.